नेटवर्क उपकरणांचे ट्रॅप मॉनिटरिंगपर्यंत नक्की पोचवण्यासाठी: स्विच, राउटर, यूपीएस

प्रकाशतंतू
सोमवार, रात्री ९:१५

"स्विचवर ट्रॅप चालू केलेत, पण झॅबिक्समध्ये (मॉनिटरिंगचं सॉफ्टवेअर) काहीच येत नाही" हा प्रश्न इथे वारंवार येतो आणि उत्तरं चार धाग्यांत विखुरली आहेत. म्हणून सगळं एका जागी आणतोय. डोळ्यांसमोर मांडणी अशी धरा: तीन इमारतींचा मध्यम कारखाना, मजल्यामजल्यावर सिस्कोचे कॅटॅलिस्ट २९६०-एक्स स्विच, एका शाखेत मायक्रोटिकचा राउटर, दोन यूपीएस आणि डेबियनवर झॅबिक्स. झॅबिक्सचा पत्ता १०.२०.०.५. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. उपकरणावर त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टंकायच्या.

ट्रॅप म्हणजे एसएनएमपी या देखरेखीच्या प्रोटोकॉलमध्ये उपकरणाने आपणहून सोडलेलं एक यूडीपी पॅकेट, पोर्ट १६२ वर. ते पोचलं की वाटेत हरवलं हे उपकरणाला कळत नाही आणि ते पुन्हा पाठवलंही जात नाही. पोलिंगची दिशा उलटी: मॉनिटरिंग विचारतं, उपकरण पोर्ट १६१ वर उत्तर देतं. ट्रॅप लावले म्हणून पोलिंग बंद करायचं नाही. दोन पोलिंगच्या मधे जे घडतं ते ट्रॅप सांगतो, एवढंच त्याचं काम. माझा आग्रह असा की मोजकेच ट्रॅप पाठवा, पण त्यांची वाट टप्प्याटप्प्याने तपासून घ्या.

सिस्कोच्या बाजूने:

ॲक्सेस-लिस्ट १० परमिट १०.२०.०.५
एसएनएमपी-सर्व्हर कम्युनिटी <पोलिंगची> आरओ १०
एसएनएमपी-सर्व्हर ट्रॅप-सोर्स व्हीलॅन१०
एसएनएमपी-सर्व्हर होस्ट १०.२०.०.५ व्हर्जन २सी <ट्रॅपची>
एसएनएमपी-सर्व्हर इनेबल ट्रॅप्स एसएनएमपी लिंकडाउन लिंकअप कोल्डस्टार्ट वॉर्मस्टार्ट
एसएनएमपी-सर्व्हर इनेबल ट्रॅप्स एन्व्हमॉन फॅन सप्लाय टेंपरेचर
एसएनएमपी-सर्व्हर इनेबल ट्रॅप्स एररडिसेबल नोटिफिकेशन-रेट २०
एसएनएमपी-सर्व्हर ट्रॅप लिंक आयईटीएफ

पोलिंगची आणि ट्रॅपची कम्युनिटी (पासवर्डसारखा शब्द) वेगळी ठेवा. एसएनएमपीच्या २सी आवृत्तीत कम्युनिटी उघड्या मजकुरात जाते, आणि ट्रॅपचं पॅकेट कुठल्या कुठल्या वाटेने जाईल यावर आपला ताबा कमी असतो.

होस्टच्या ओळीत "व्हर्जन २सी" विसरलात तर आयओएस (सिस्कोची प्रणाली) निमूटपणे आवृत्ती १ धरतं. ट्रॅप येतात, पण त्यांची रचना वेगळी असते आणि पलीकडचे नियम जुळत नाहीत.

ट्रॅप-सोर्स ही या यादीतली सर्वांत महत्त्वाची ओळ. ती नसेल तर पॅकेट ज्या इंटरफेसमधून बाहेर पडतं त्याचा पत्ता लागतो. वाट बदलली की पत्ता बदलतो, आणि झॅबिक्स तर होस्ट (त्याच्याकडे नोंदवलेलं उपकरण) ओळखतं ते याच पत्त्यावरून.

नुसतं "इनेबल ट्रॅप्स" लिहून एंटर दाबू नका. आयओएस त्याला माहीत असलेले सगळे प्रकार चालू करतं, कॉन्फिगमध्ये ओळींची रांग लागते आणि मग नको ते एकेक करून काढत बसावं लागतं.

शेवटची आयईटीएफची ओळ तुमच्या आवृत्तीत असेल तर जरूर द्या. लिंकडाउनच्या ट्रॅपसोबत पोर्टची ॲडमिन-स्थितीही येते. केबल निघाली की कुणी मुद्दाम शटडाउन दिलं, हे फोन न करता कळतं.

रात्रपाळी
सोमवार, रात्री १०:०२

उत्तम धागा. यात एक भर घालतो, कारण खरा गोंगाट इथूनच सुरू होतो. ज्या पोर्टांवर माणसांचे पीसी आहेत तिथे लिंक-ट्रॅप बंद करा:

इंटरफेस रेंज गिगाबिटइथरनेट १/०/१ - ४४
नो एसएनएमपी ट्रॅप लिंक-स्टेटस

पाळी सुटली की पन्नास-शंभर पीसी एकदम बंद होतात, आणि त्यांचे सगळे लिंकडाउन पडद्यावर. त्यात एखाद्या अपलिंकचा (स्विचला पुढच्या स्विचशी जोडणाऱ्या दुव्याचा) ट्रॅप असेल तर तो कुणाच्या नजरेलाही पडत नाही. अपलिंक, सर्व्हर, ॲक्सेस पॉइंट, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, हजेरीचं मशीन, एवढे पोर्ट चालू ठेवा.

तीच गोष्ट टोपॉलॉजी-चेंजच्या ट्रॅपची. पीसीच्या पोर्टांवर पोर्टफास्ट (पोर्ट लगेच चालू करणारी सेटिंग) नसेल तर प्रत्येक पीसी चालू-बंद होताना स्पॅनिंग ट्रीत (नेटवर्कमधल्या चक्री वाटा रोखणाऱ्या यंत्रणेत) बदल नोंदला जातो आणि ट्रॅप सुटतो. आधी पोर्टफास्ट, मग हा ट्रॅप. न्यू-रूटचा ट्रॅप मात्र सुरुवातीपासून ठेवा. कुणीतरी घरचा स्विच आणून जोडला आणि तो रूट (त्या यंत्रणेचा मध्यवर्ती स्विच) झाला, तर पहिली खबर तोच देतो.

आता झॅबिक्सच्या बाजूने. झॅबिक्स १६२ वर स्वतः ऐकत नाही. ऐकतो तो नेट-एसएनएमपीचा स्नमपट्रॅपडी. तो ट्रॅप घेऊन पर्लच्या स्क्रिप्टला देतो, स्क्रिप्ट एका फाइलीत लिहिते आणि झॅबिक्स ती फाइल वाचतं. म्हणजे दुवे तीन, आणि तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी तुटतात.

स्नमपट्रॅपडी.कॉन्फमध्ये निदान या दोन ओळी:

ऑथकम्युनिटी लॉग,एक्झिक्यूट <ट्रॅपची>
पर्ल डू "/यूएसआर/बिन/झॅबिक्स_ट्रॅप_रिसीव्हर.पीएल"

डेबियनवर लिबएसएनएमपी-पर्ल हे पॅकेज टाकलेलं नसेल तर दुसरी ओळ चालणारच नाही.

झॅबिक्स_सर्व्हर.कॉन्फमध्ये "स्टार्टएसएनएमपीट्रॅपर=१", आणि "एसएनएमपीट्रॅपरफाइल" मध्ये तोच मार्ग जो पर्ल स्क्रिप्टमध्ये आहे. फाइल टेंप फोल्डरमध्ये ठेवू नका. सर्व्हिसला सिस्टमडीचा प्रायव्हेट-टेंप लागू असेल तर एक प्रोसेस लिहिते ती फाइल दुसरीला दिसतच नाही. व्हार-लॉगखाली स्वतंत्र फोल्डर करा, झॅबिक्सच्या युजरला वाचायची परवानगी द्या आणि लॉगरोटेटमध्ये फाइल घाला. स्क्रिप्ट फक्त लिहीत जाते, पुसत काहीच नाही.

स्नमपट्रॅपडी "-ओएन" पर्यायाने चालवा. मग ओआयडी (प्रत्येक माहितीचे ठरलेले क्रमांक) आकड्यांतच लिहिले जातात. नावांत लिहू दिलं तर एखादी एमआयबी फाइल (त्या क्रमांकांची नावं सांगणारी) टाकल्यावर वा काढल्यावर मजकूर बदलतो आणि कालपर्यंत जुळणारे रेग्युलर एक्स्प्रेशन आज जुळत नाहीत.

नवशिका_नागपूर
मंगळवार, सकाळी ११:२०

वाखु साठवली. एक अडचण आहे. दिल्याप्रमाणे सगळं केलं. सर्व्हरवर टीसीपीडंप लावला तर ट्रॅप येताना स्पष्ट दिसतोय, पण फाइल रिकामी. पॅकेट आलंय म्हणजे नेटवर्क ठीक आहे ना? मग पर्ल स्क्रिप्टच तपासू का?

रात्रपाळी
मंगळवार, दुपारी १२:०५

@नवशिका_नागपूर, स्क्रिप्टला अजून हात लावू नका. टीसीपीडंप पॅकेट पाहतो ते फायरवॉलच्या आधी. त्याला दिसलं म्हणजे पॅकेट नेटवर्क कार्डापर्यंत आलं. पुढे सर्व्हरच्याच फायरवॉलने टाकून दिलं तरी टीसीपीडंपमध्ये ते दिसणारच. या क्रमाने जा:

पहिलं, कुणी ऐकतंय का: "एसएस -एलयूएनपी" चालवून १६२ समोर स्नमपट्रॅपडी दिसतो का पाहा. दिसला आणि पत्ता १२७.०.०.१ असेल तर तो फक्त स्वतःचंच ऐकतोय.

दुसरं, सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये १६२ यूडीपी उघडा आहे का. सवयीने टीसीपी उघडलेला असतो, नीट बघा.

तिसरं, ऑथकम्युनिटी. नेट-एसएनएमपीच्या ५.३ आवृत्तीपासून या ओळीशिवाय ट्रॅप मुकाट्याने फेकले जातात. कम्युनिटीत एका अक्षराचा फरक असला तरी तेच. "डिसेबलऑथोरायझेशन येस" लिहून तपासणी करता येते, पण ती ओळ राहू देऊ नका, नाहीतर कुणीही खोटा ट्रॅप घालू शकतो.

हे तपासायला स्विचची गरज नाही. दुसऱ्या कुठल्याही लिनक्सवरून:

एसएनएमपीट्रॅप -व्ही २सी -सी <ट्रॅपची> १०.२०.०.५ '' १.३.६.१.६.३.१.१.५.३ १.३.६.१.२.१.२.२.१.१.१०१०७ आय १०१०७

मधलं रिकामं अवतरणचिन्ह म्हणजे अपटाइमची जागा, ते वगळू नका. ही आज्ञा त्याच सर्व्हरवरून स्वतःलाच दिलीत आणि फाइलीत ओळ उमटली, पण बाहेरून दिल्यावर उमटली नाही, तर दोष फायरवॉलचा किंवा ऐकण्याच्या पत्त्याचा.

नवशिका_नागपूर
मंगळवार, दुपारी ३:४०

फायरवॉलच होता. आता फाइलीत येतंय, धन्यवाद. पण झॅबिक्सच्या लेटेस्ट डेटात अजून काही नाही. फाइलीतला मजकूर असा (स्थितीच्या ओळी तेवढ्या ठेवल्यात):

झेडबीएक्सट्रॅप १०.२०.१.११
.१.३.६.१.६.३.१.१.४.१.० टाइप=६ व्हॅल्यू=ओआयडी: .१.३.६.१.६.३.१.१.५.३
.१.३.६.१.२.१.२.२.१.१.१०१०७ टाइप=२ व्हॅल्यू=इंटिजर: १०१०७
.१.३.६.१.२.१.२.२.१.७.१०१०७ टाइप=२ व्हॅल्यू=इंटिजर: १
.१.३.६.१.२.१.२.२.१.८.१०१०७ टाइप=२ व्हॅल्यू=इंटिजर: २

प्रकाशतंतू
मंगळवार, दुपारी ४:३०

मजकूर अगदी हवा तसा आहे. नव्या वाचकांसाठी फोड करतो. दुसऱ्या ओळीतला शेवटचा ५.३ म्हणजे लिंकडाउन (५.४ लिंकअप, ५.१ कोल्डस्टार्ट, ५.५ चुकीच्या कम्युनिटीने कुणीतरी विचारणा केली). १०१०७ हा इफइंडेक्स, म्हणजे पोर्टचा क्रमांक; २९६०-एक्सवर तो पहिल्या स्विचचा सातवा गिगाबिट पोर्ट. "२.२.१.७" ही ॲडमिन-स्थिती, किंमत १, म्हणजे पोर्ट कुणी बंद केलेला नाही. "२.२.१.८" ही प्रत्यक्ष स्थिती, किंमत २, म्हणजे पडलेला. थोडक्यात केबल, पलीकडचं उपकरण किंवा त्याची वीज.

झॅबिक्स झेडबीएक्सट्रॅपपुढचा पत्ता घेतं आणि तो कुठल्या होस्टच्या एसएनएमपी इंटरफेसशी जुळतो ते शोधतं. एजंटच्या इंटरफेसवर तोच पत्ता असून उपयोग नाही, एसएनएमपीचाच इंटरफेस हवा. सर्व्हरच्या लॉगमध्ये "अनमॅच्ड ट्रॅप रिसीव्ह्ड फ्रॉम" शोधा. पुढे १०.२०.१.११ असेल तर एकतर होस्टवर दुसरा पत्ता आहे, किंवा होस्ट जुळला पण त्या ट्रॅपसाठी आयटम (झॅबिक्समधली माहिती साठवायची जागा) नाही. प्रत्येक होस्टवर "एसएनएमपीट्रॅप.फॉलबॅक" हा आयटम ठेवाच. ज्या ट्रॅपसाठी नियम लिहिलेला नाही तो इथे येऊन पडतो. आठवड्यातून एकदा तो चाळला की कोणता नियम राहिलाय ते कळतं.

इफइंडेक्सबद्दल एक खबरदारी. स्टॅकमध्ये स्विच घातला-काढला किंवा रीबूट झाला की काही उपकरणांवर हे आकडे सरकतात आणि अलर्टमध्ये भलताच पोर्ट दिसतो. "एसएनएमपी-सर्व्हर इफइंडेक्स पर्सिस्ट" द्या. नव्या आवृत्त्यांत हीच आज्ञा "एसएनएमपी इफएमआयबी इफइंडेक्स पर्सिस्ट" अशी आहे. नंतर राइट मेमरी विसरू नका.

रॅकवाली
मंगळवार, रात्री ८:५०

एक मूलभूत मुद्दा अजून कुणी मांडला नाही. ज्या अपलिंकवरून ट्रॅप जायचा, तीच अपलिंक तुटली तर तिच्या लिंकडाउनचा ट्रॅप जाणार कुठून? स्विच तो पाठवतो आणि तो तिथेच मरतो. म्हणून अपलिंकचा ट्रॅप दोन्ही टोकांना चालू हवा. खालच्या स्विचचा पोचणार नाही, कोअरवरच्या (मुख्य स्विचवरच्या) पोर्टाचा पोचेल. कोअरवरच्या पोर्टाला "डिस्क्रिप्शन" मध्ये पलीकडच्या स्विचचं नाव लिहा, म्हणजे अलर्ट वाचणाऱ्याला नकाशा काढावा लागत नाही.

दुसरं, स्विच चालू होतानाचा कोल्डस्टार्ट. जुन्या ८०२.१डी स्पॅनिंग ट्रीत पोर्ट ऐकणं आणि शिकणं मिळून ३० सेकंद पॅकेट पुढे सोडत नाही. स्विच त्याच्या आतच कोल्डस्टार्ट पाठवून मोकळा होतो. वीज गेली-आली, सगळे स्विच रीबूट झाले आणि एकाचाही कोल्डस्टार्ट आला नाही, यामागे बहुतेकदा हेच असतं. रॅपिड स्पॅनिंग ट्री केल्यावर बराच फरक पडतो, तरी पूर्ण भरवसा नको. रीबूट पकडायचा पक्का मार्ग म्हणजे पोलिंगने अपटाइम वाचणं आणि तो दहा मिनिटांखाली आला की सांगणं. फक्त अपटाइमचा हा ३२ बिटांचा काउंटर ४९७ दिवसांनी आपोआप शून्यावर येतो, तेव्हा एक खोटा अलर्ट मिळणार हे लक्षात ठेवा.

तिसरं, ट्रॅप स्विचमधून सुटतोय का ते स्विचलाच विचारा. "शो एसएनएमपी" च्या शेवटी अशी ओळ असते:

लॉगिंग टू १०.२०.०.५.१६२, ०/१०, १२८ सेंट, ० ड्रॉप्ड

१० ही रांगेची लांबी. एकदम खूप घटना झाल्या की रांग भरते आणि ड्रॉप्डचा आकडा चढतो. "एसएनएमपी-सर्व्हर क्यू-लेंथ १००" करा. आणि सेंटचाच आकडा शून्य असेल तर पुढचं काहीही तपासू नका, चूक स्विचच्या कॉन्फिगमध्ये आहे.

तपासणीसाठी रिकाम्या पोर्टावर एखादं उपकरण जोडून तो शट आणि नो शट करा. चालू अपलिंकवर हा प्रयोग नको.

नोंदवही
बुधवार, सकाळी १०:१०

+१ रॅकवाली. अपलिंकच्या बाबतीत इन्फॉर्मचाही विचार व्हावा. होस्टच्या ओळीत ट्रॅप्सऐवजी "इन्फॉर्म्स" लिहिलं की पलीकडून पोच येईपर्यंत उपकरण ते पॅकेट राखून ठेवतं आणि ठरावीक वेळाने पुन्हा पाठवतं. लिंक मिनिटभरात परत आली तर खबर उशिरा का होईना पोचते. मेमरी थोडी जास्त लागते, म्हणून मोजक्या प्रकारांनाच वापरावं. आवृत्ती १ मध्ये इन्फॉर्म नाही.

माझा मुख्य मुद्दा सिसलॉगचा, म्हणजे उपकरण सर्व्हरला पाठवतं त्या लॉगच्या ओळींचा. ट्रॅपमध्ये पोर्टचा आकडा येतो, सिसलॉगमध्ये कारण येतं. बीपीडीयू-गार्डने (पीसीच्या पोर्टावर स्विच जोडला तर तो पोर्ट बंद करणारी सोय) पोर्ट बंद केला हे "स्पॅनट्री-२-ब्लॉक_बीपीडीयूगार्ड" ही ओळ सांगते. त्यामुळे दोन्ही ठेवा:

लॉगिंग होस्ट १०.२०.०.५
लॉगिंग सोर्स-इंटरफेस व्हीलॅन१०
लॉगिंग ट्रॅप नोटिफिकेशन्स
सर्व्हिस टाइमस्टँप्स लॉग डेटटाइम एमसेक लोकलटाइम शो-टाइमझोन
क्लॉक टाइमझोन आयएसटी ५ ३०

"लॉगिंग ट्रॅप" चा एसएनएमपीच्या ट्रॅपशी काडीचा संबंध नाही. कुठल्या पातळीपर्यंतच्या ओळी सिसलॉग सर्व्हरला पाठवायच्या ते ही आज्ञा ठरवते. पातळ्या ० ते ७, आकडा जितका लहान तितकं प्रकरण गंभीर. लिंक-३-अपडाउन तिसऱ्या पातळीवर, पीएम-४-एरर_डिसेबल चौथ्या, आणि कुणी कॉन्फिग बदललं हे सांगणारी एसवायएस-५-कॉन्फिग_आय पाचव्या. "वॉर्निंग्स" म्हणजे ४ ठेवलंत तर कॉन्फिग-बदलाची ओळ कधीच येणार नाही. म्हणून निदान ५, म्हणजे नोटिफिकेशन्स.

घड्याळाकडे दुर्लक्ष नको. टाइमझोनमधले ३० राहून गेले तर लॉग अर्धा तास मागे दिसतो आणि कोणता स्विच आधी पडला ते ठरवता येत नाही. भारतातल्या संस्थांना ही आता नियमाची गोष्टही आहे. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर-सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या एनटीपी (वेळ देणाऱ्या) सर्व्हरांशी, अथवा त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरांशी जुळवायची आहेत, आणि लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत. सिसलॉगच्या डिस्कचं माप काढताना सहा महिने धरा.

नवशिका_नागपूर
बुधवार, दुपारी १:१५

अलर्ट यायला लागले. आता वेगळंच. सातव्या पोर्टाचा लिंकडाउन अलर्ट उघडा असताना तिसऱ्या पोर्टाचा लिंकअप आला, तर सातव्याचा अलर्ट आपोआप बंद झाला. पोर्ट अजून पडलेलाच आहे.

प्रकाशतंतू
बुधवार, दुपारी २:५०

हे होणारच. सगळ्या पोर्टांचे ट्रॅप एकाच आयटममध्ये येतात आणि ट्रिगर (अलर्ट उठवणारा नियम) फक्त शेवटची नोंद पाहतो. शेवटची नोंद "लिंकअप" असली की त्याच्या दृष्टीने प्रश्न मिटला. ट्रिगरमध्ये चार गोष्टी बदला:

समस्येची अट "५.३ सापडला", सुटकेची अट वेगळी, "५.४ सापडला".

समस्या-निर्मिती "मल्टिपल" वर, म्हणजे प्रत्येक पोर्टाची समस्या स्वतंत्र उघडेल.

ट्रिगरला "पोर्ट" नावाचा टॅग द्या. किंमत आयटम.व्हॅल्यूवर रेगसब लावून काढा, पॅटर्न: २\.२\.१\.१\.([०-९]+). कंसातला आकडा म्हणजे इफइंडेक्स.

सुटका "टॅगची किंमत जुळणाऱ्याच समस्या बंद करा" या पर्यायावर, आणि टॅगचं नाव "पोर्ट".

ट्रॅपवर उभा असलेला कुठलाही अलर्ट अडकून राहू शकतो, कारण लिंकअपचं पॅकेट हरवलं तर बंद करणारं कुणी नाही. ट्रिगरला हाताने बंद करायची मुभा ठेवा. महत्त्वाच्या दहा-बारा पोर्टांवर प्रत्यक्ष स्थिती पोलिंगनेही वाचा आणि त्यांचा अलर्ट पोलिंगवरच उभा करा. ट्रॅपने लवकर कळतं, पोलिंगने नक्की कळतं.

रॅकवाली
बुधवार, रात्री ९:३०

इतर कंपन्यांची उपकरणं ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात.

मायक्रोटिक: एसएनएमपी सेटमध्ये इनेबल्ड=येस, ट्रॅप-टार्गेट=१०.२०.०.५, ट्रॅप-व्हर्जन=२, ट्रॅप-जनरेटर्स=इंटरफेसेस,स्टार्ट-ट्रॅप आणि ट्रॅप-इंटरफेसेसमध्ये फक्त हवे ते पोर्ट. एसआरसी-ॲड्रेस भरा, सिस्कोतल्या ट्रॅप-सोर्सचं काम इथे तो करतो. मूळची "पब्लिक" कम्युनिटी तशीच सोडू नका, निदान तिचे ॲड्रेसेस मॉनिटरिंगपुरते मर्यादित करा.

जुनिपर: ट्रॅप-ग्रुपची आवृत्ती सांगितली नाही तर तो १ आणि २ अशा दोन्ही आवृत्त्यांत पाठवतो. एका घटनेचे दोन अलर्ट येतात ते याने. "व्हर्जन व्ही२" द्या.

सिस्कोचा वेगळा मॅनेजमेंट पोर्ट व्हीआरएफमध्ये (स्वतंत्र राउटिंग टेबलात) असेल तर होस्टच्या ओळीत "व्हीआरएफ" आणि त्याचं नाव हवंच. नाहीतर स्विच मुख्य राउटिंग टेबलातून वाट शोधतो आणि पॅकेट भलतीकडे जातं.

रात्रपाळी
गुरुवार, सकाळी ९:००

शाखेच्या राउटरबद्दल. शाखा आणि मुख्यालयाच्या मधे एनएटी (पत्ते बदलणारी व्यवस्था) असेल तर तिथले सगळे स्विच एकाच पत्त्यावरून आल्यासारखे दिसतात आणि झॅबिक्स सगळे ट्रॅप एकाच होस्टच्या नावावर टाकतं. आवृत्ती १ च्या ट्रॅपमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता पॅकेटच्या आत असायचा, २सीमध्ये तो नाही. व्हीपीएनवर एनएटी काढणं शक्य असेल तर तेच करा. नसेल तर शाखेत झॅबिक्स प्रॉक्सी बसवा आणि स्नमपट्रॅपडी तिथेच चालवा.

कंटेनरमध्ये चालवणाऱ्यांनाही हीच अडचण येते. काही रचनांत मूळ पत्ता जाऊन डॉकरच्या ब्रिजचा पत्ता लागतो. फाइलीत सगळे ट्रॅप १७२ ने सुरू होणाऱ्या एकाच पत्त्यावरून दिसले की समजा. होस्ट नेटवर्कवर चालवा. आणि झॅबिक्सचा ट्रॅपचा तयार कंटेनर आत १६२ वर नाही, ११६२ वर ऐकतो. बाहेरचा १६२ त्याला जोडायचा.

प्रकाशतंतू
गुरुवार, दुपारी १२:२०

आवृत्ती ३ बद्दल व्यनि आले, म्हणून इथेच लिहितो.

एसएनएमपी-सर्व्हर ग्रुप एनएमएस व्ही३ प्रिव्ह
एसएनएमपी-सर्व्हर युजर ट्रॅपयुजर एनएमएस व्ही३ ऑथ शा <पहिला> प्रिव्ह एईएस १२८ <दुसरा>
एसएनएमपी-सर्व्हर होस्ट १०.२०.०.५ व्हर्जन ३ प्रिव्ह ट्रॅपयुजर

दोन्ही पासवर्ड निदान आठ अक्षरांचे. युजरची ओळ रनिंग-कॉन्फिगमध्ये दिसत नाही, "शो एसएनएमपी युजर" मध्ये दिसते. कॉन्फिगच्या बॅकअपवरून स्विच उभा केला तर हा युजर परत येत नाही, त्यामुळे ती नोंद वेगळी ठेवा.

बहुतेकजण अडतात ते इंजिन-आयडीवर, म्हणजे उपकरणाच्या एसएनएमपीतल्या ओळख-क्रमांकावर. पोलिंगमध्ये मॉनिटरिंग आधी विचारून उपकरणाचा इंजिन-आयडी मिळवतं. ट्रॅप एकतर्फी, विचारायची सोयच नाही. ट्रॅपची किल्ली पाठवणाऱ्याच्या इंजिन-आयडीशी बांधलेली असते, म्हणून स्नमपट्रॅपडीला प्रत्येक उपकरणाचा आयडी आधीच सांगावा लागतो:

क्रिएटयुजर -ई ०एक्स<इंजिन-आयडी> ट्रॅपयुजर शा "<पहिला>" एईएस "<दुसरा>"
ऑथयुजर लॉग,एक्झिक्यूट ट्रॅपयुजर प्रिव्ह

आयडी "शो एसएनएमपी इंजिनआयडी" ने मिळतो. पहिली ओळ प्रत्येक स्विचसाठी एकेक, दुसरी एकदाच. सिस्कोत मूळचा आयडी मॅक पत्त्यावरून बनतो. स्विच जळाला, बदली आला, तेच कॉन्फिग चढवलं, तरी आयडी नवा आणि त्याचे ट्रॅप गुपचूप फेकले जातात. पोलिंग छान चालू असतं, त्यामुळे महिनोन्‌महिने कळत नाही. हे टाळायचं तर "एसएनएमपी-सर्व्हर इंजिनआयडी लोकल" ने आयडी स्वतः ठरवा, पण युजर बनवण्याआधी. नंतर बदललात तर आधीचे युजर निकामी होतात.

इन्फॉर्ममध्ये हे उलटं होतं. तिथे घेणाऱ्याचा इंजिन-आयडी धरला जातो आणि तो स्विचवर "रिमोट" म्हणून नोंदवावा लागतो.

नोंदवही
गुरुवार, सायंकाळी ६:४५

यूपीएस राहिलाच की. आपल्याकडे औद्योगिक वसाहतींतही वीज झपकन जाते-येते, तेव्हा हा ट्रॅप नीट लावला नाही तर दिवसभर अलर्टांचा पाऊस पडतो.

आधी यूपीएस कोणती एमआयबी बोलतो ते पाहा. एपीसीची स्वतःची आहे, कंपनी-क्रमांक ३१८. त्यात ऑन-बॅटरीचा ट्रॅप क्रमांक ५, लो-बॅटरी ७, वीज परत आली ९. अनेक इतर यूपीएस सर्वसाधारण आरएफसी १६२८ पाळतात. त्यातला ऑन-बॅटरीचा ट्रॅप यूपीएस बॅटरीवर असेपर्यंत दर मिनिटाला पुन्हा येतो, रचनाच तशी आहे. त्याचा उपयोग करून घ्या: तीन मिनिटांत दोन किंवा अधिक ट्रॅप आले तरच अलर्ट, अशी काउंटची अट लावा. दहा सेकंदांच्या झपक्यांनी कुणाला झोपेतून उठवलं जाणार नाही. एपीसीच्या बाबतीत हा खेळ चालत नाही. तिथे कार्डावरच घटनेच्या सूचनेला विलंब लावता येतो, तो वापरा. लो-बॅटरीला मात्र विलंब नको.

यूपीएस आणि झॅबिक्स यांच्यामधला प्रत्येक स्विच बॅटरीवर असला पाहिजे. मधला एखादा स्विच सरळ भिंतीच्या सॉकेटवर असेल तर वीज गेल्याची खबर विजेबरोबरच जाते.

रात्रपाळी
गुरुवार, रात्री १०:३०

नोंदवही यांच्या शेवटच्या वाक्याला दहादा +१.

आणखी एक. ट्रॅप येत नाहीत याचा अर्थ सगळं ठीक, की वाटच तुटली? शांततेवरून ओळखता येत नाही. म्हणून रोज एक ठरलेला चाचणी-ट्रॅप पाठवा. दूरच्या इमारतीतल्या एखाद्या लिनक्सवरून क्रॉनने वर दिलेली एसएनएमपीट्रॅपची आज्ञा, फक्त ओआयडी वेगळा ठेवा म्हणजे लिंकडाउनचा अलर्ट उठणार नाही. त्या लिनक्सचा पत्ता झॅबिक्समध्ये होस्ट म्हणून नोंदवा, आयटम बनवा आणि "नोडेटा, २५ तास" अशी अट लावा. फायरवॉल, स्नमपट्रॅपडी, स्क्रिप्ट, फाइल यांपैकी काहीही बिघडलं की दुसऱ्या दिवशी कळतं. आणि ज्या स्विचवर ईईएम (स्विचवरच छोट्या स्क्रिप्ट चालवायची सिस्कोची सोय) आहे तिथे ॲपलेटमधूनच ट्रॅप सोडता येतो, म्हणजे स्विचकडून येणारी वाटही तपासली जाते.

नवशिका_नागपूर
शुक्रवार, सकाळी ११:५०

टॅगचं जमलं, पोर्ट आपापले उघडतात-मिटतात. शेवटचा प्रश्न: ईमेल येतात, पण एसएमएस काही अलर्टांचे येतात आणि काहींचे नाही. गेटवेचा लॉग "टेंप्लेट मिसमॅच" म्हणतो.

रॅकवाली
शुक्रवार, दुपारी १२:३५

डीएलटीचं (व्यावसायिक एसएमएसचा मजकूर आधी नोंदवून घ्यायची व्यवस्था) प्रकरण आहे. नोंदवलेल्या टेंप्लेटमध्ये बदलत्या मजकुराच्या प्रत्येक जागेला ३० अक्षरांची मर्यादा असते. तुमच्या होस्टचं नाव किंवा पोर्टचं डिस्क्रिप्शन त्याहून लांब असेल तेव्हा संदेश अडतो, आखूड असेल तेव्हा जातो. न आलेल्या अलर्टांमधली नावं मोजून पाहा. झॅबिक्समधली दिसणारी नावं आखूड करा, जसं "इ२-म१-स्वि३", आणि एसएमएससाठी स्वतंत्र मेसेज-टेंप्लेट ठेवा ज्यात होस्ट, पोर्ट आणि वेळ या तीनच जागा असतील. नोंदवलेल्या मजकुरातला एक स्वल्पविराम वा जागा इकडची तिकडे झाली तरी संदेश अडतो, म्हणून झॅबिक्समध्ये तो हाताने टंकू नका, मंजूर झालेल्या टेंप्लेटवरून जसाच्या तसा उचला.